पाळी गेल्यानंतरचे हार्मोन्स : तुम्ही कधी सोडलेत, आणि का?

उंबरझाड | ८ फेब्रुवारी, रात्री ११:४२

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आज झोप येत नाहीच आहे, तर लिहूनच टाकते.

मी सव्वादोन वर्षं एचआरटी, म्हणजे पाळी गेल्यावर देतात ते हार्मोन्स, घेतली आणि एक दिवस बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, घरी सांगितलं नाही. पाकीट संपलं, नवीन आणायचं राहिलं, आठवडा गेला, मग म्हटलं राहू दे. त्या वेळी कोणी कारण विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं.

पाळी ४९व्या वर्षी थांबली. त्याच्या आधीपासूनच रात्री तीन-तीनदा घामाने भिजून जाग यायची. गाऊन बदला, चादर उलटी करा, पंखा वाढवा, मग थंडी वाजते म्हणून कमी करा. ऑफिसात बोलता बोलता मानेपासून वर काहीतरी पेटत जायचं आणि समोरचा माणूस बोलायचा थांबून माझ्याकडे बघायचा. डॉक्टरांनी सकाळी इस्ट्रोजेनची आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली. तीन आठवड्यांत मी सलग सहा तास झोपले. म्हणजे औषध लागू पडलं नाही म्हणून सोडलं म्हणावं तर तसंही नाही. उलट इतकं लागू पडलं की आपल्याला काही होत होतं हेच विसरून गेले. आणि मग पाकिटातला तो घडीवर घडी घातलेला कागद एकदा पूर्ण वाचला. स्तनांचा कॅन्सर, पक्षाघात, रक्ताची गुठळी, स्मृतिभ्रंश. बरं वाटत असताना असा कागद वाचला की गोळी गिळवत नाही हो.

सोडल्यावर दीड महिन्याने घाम परत आला. तरी पुन्हा सुरू केल्या नाहीत. का? तर आता एवढं सोसलंच आहे तर अजून थोडं, असा एक विचित्र हट्ट.

गेल्या महिन्यात चार मैत्रिणींशी बोलले. चौघींनीही कधी ना कधी घेतल्या होत्या, चौघींनीही सोडल्या होत्या, आणि एकीनेही डॉक्टरांना विचारून सोडल्या नव्हत्या. म्हणून हा धागा. सुरू का केल्या यावर सगळीकडे लिहिलेलं असतं. सोडल्या का, ते सांगा.

---

चांदणवेल | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

माझं कारण एका शब्दात : रक्त.

पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. पॅड्सचं शेवटचं पाकीट मी देऊनसुद्धा टाकलं होतं. गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्या महिन्यात परत अंगावर जायला लागलं. थोडं थोडंच, पण कधी जाईल त्याचा नेम नाही. मला वाटलं, झालं, कॅन्सर. त्याच रात्री बंद.

दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी गायनॅककडे गेले तेव्हा कळलं की पहिले तीन ते सहा महिने असं स्पॉटिंग होतं बऱ्याच जणींना. सहा महिन्यांनंतरही थांबलं नाही, किंवा पूर्ण थांबून परत सुरू झालं, तर तपासायचं. एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर मी आज गोळ्या घेत असते.

---

साधीसुधी | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:०३

बहिणीला गाठ निघाली. त्या दुपारी मी हार्मोन्सचा पॅच उपटून काढला. त्याच्या डिंकाची काळी चौकट पोटावर दोन दिवस तशीच होती, साबणाने निघेना.

आकडे वाचलेत मी. कोणी परत देऊ नका, प्लीज. बहिणीचा कॅन्सर माझ्या औषधाने झाला नव्हता हेही कळतं. पण दर तीन दिवसांनी नवा पॅच चिकटवताना तिचाच चेहरा समोर आला असता. मला हॉट फ्लॅशेस, ते अचानक अंग पेटणं, चालतील. पश्चात्ताप नाही.

---

तळटीप | ९ फेब्रुवारी, दुपारी १:२०

साधीसुधी, तुम्हाला नाही, बाकीच्यांसाठी लिहितोय.

उंबरझाड यांनी वाचलेल्या कागदाचा उगम बहुतांशी एकाच अभ्यासात आहे. अमेरिकेतला विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह. त्यातल्या इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं बनवलेलं औषध) गटात १६,६०८ बायका होत्या. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनंतर, तो गट मुदतीआधी थांबवला. बातम्यांत आलं : स्तनांचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या, डॉक्टरांनी लिहायच्या बंद केल्या.

ते २६ टक्के म्हणजे नक्की किती? गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला ३०, घेणाऱ्यांत ३८. दहा हजारांत आठ जास्त. हृदयविकार ७ जास्त, पक्षाघात ८ जास्त, फुप्फुसातल्या गुठळ्या ८ जास्त. आणि खुब्याची फ्रॅक्चर्स ५ कमी, मोठ्या आतड्याचे कॅन्सर ६ कमी. हे शेवटचे दोन आकडे कुठल्या मथळ्यात आले नाहीत.

दुसरं म्हणजे त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. निम्म्याहून जास्त जणी साठीच्या पुढच्या. घामाने हैराण झालेली पन्नाशीची बाई त्या अभ्यासात अल्पसंख्य होती, पण घाबरली तीच.

---

अर्धविराम | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

मी गायनॅक आहे. इथे कोणालाही औषध सुचवणार नाही, पण तळटीप यांच्या लिहिण्यात भर घालते.

त्याच अभ्यासात गर्भाशय काढलेल्या बायकांचा वेगळा गट होता, १०,७३९ जणींचा, फक्त इस्ट्रोजेनवर. तो २००४ मध्ये पक्षाघाताच्या कारणाने थांबवला. त्यात स्तनांचा कॅन्सर वाढला नाही, पुढच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यात तर कमीच दिसला. म्हणजे 'हार्मोन्सने कॅन्सर होतो' या वाक्यात कोणते हार्मोन्स, कोणाला, किती वर्षं, हे सगळं गळून जातं. त्या वेळची औषधंही आजच्यापेक्षा वेगळी होती. इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं, सोबत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं प्रोजेस्टिन. आज बऱ्याचदा इस्ट्रॅडिओल आणि मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन देतो, म्हणजे शरीरातल्यासारखेच हार्मोन्स. जेल किंवा पॅच त्वचेतून जातो, गोळीसारखा आधी यकृतातून जात नाही. त्यामुळे गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी.

म्हणून निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही हार्मोन्सचं एकत्र औषध जितकी जास्त वर्षं, तितका स्तनांच्या कॅन्सरचा धोका थोडा थोडा वाढतो, हे खरं आहे. ज्यांना तो कॅन्सर होऊन गेलाय त्यांना आम्ही सहसा देतच नाही.

बायका सोडतात त्याचा दोष माझ्या व्यवसायाकडेही जातो. सुरू करताना दहा मिनिटं बोलतो. पुढे फोनवर 'तेच चालू ठेवा'. कधी तपासायचं, कधी थांबायचं, याबद्दल कोणी काही बोललेलंच नसतं. मग बाई एकटीच ठरवते.

---

रिकामटेकडी | १० फेब्रुवारी, सकाळी ११:३०

मला एक कळत नाही. पाळी जाणं हा आजार आहे का? निसर्गाने बंद केलेलं दुकान आपण मागच्या दाराने का उघडायचं? दोन-तीन वर्षं त्रास होतो, जातो. मी काही घेतलं नाही, व्यवस्थित आहे.

---

चांदणवेल | १० फेब्रुवारी, दुपारी १२:१०

तुम्हाला दोन-तीन वर्षं झाला, छान. मला आठवं चालू आहे. सध्या मागच्या दाराने नाही, भिंत फोडून आत जायची तयारी आहे माझी.

---

तळटीप | १० फेब्रुवारी, दुपारी १२:४५

अमेरिकेतल्याच 'स्वान' नावाच्या दीर्घ पाठपुराव्यात वारंवार येणाऱ्या हॉट फ्लॅशेसचा मध्यक काळ ७.४ वर्षं निघाला. म्हणजे निम्म्या बायकांना त्याहून जास्त. 'दोन-तीन वर्षांत जातं' हे गृहीत धरून सुरू केलं की तिसऱ्या वर्षी सोडून बघायचं, घाम परत आला की आपलंच काहीतरी बिघडलंय असं वाटायचं.

---

रिकामटेकडी | १० फेब्रुवारी, दुपारी १:३०

बरं. ७.४ माहीत नव्हतं.

---

मधला बेंच | १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

बायकांच्या धाग्यावर येतोय, चालेल ना?

माझ्या बायकोने माझ्यामुळे सोडल्या. मी एक फॉरवर्ड पाठवला होता, हार्मोन्स म्हणजे हळू विष वगैरे. काळजीपोटीच. तिने काही न बोलता बंद केल्या. दोन-तीन महिन्यांत ती दुसऱ्या खोलीत झोपायला लागली. मला वाटलं माझ्या घोरण्यामुळे. मीही विचारलं नाही, कारण मला छान झोप लागत होती.

एक वर्षाने भांडणात बाहेर आलं. म्हणाली, "तुला भीती वाटली म्हणून मी सोडल्या, आणि त्यानंतर मी कशी आहे हे तू एकदाही विचारलं नाहीस." यावर काय बोलणार? तो फॉरवर्ड मी स्वतः शेवटपर्यंत वाचलेलाही नव्हता.

---

उंबरझाड | १० फेब्रुवारी, रात्री ११:०५

मधला बेंच, लिहिलंत ते बरं केलंत. वहिनी आता घेतात का परत?

---

मधला बेंच | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

घेते. आणि मला विचारून नाही घेत.

---

शमीची पानं | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

थोडा वेगळा सूर लावते. मी ठरवून सोडल्या. ५१व्या वर्षी सुरू, ५८व्या वर्षी बंद. डॉक्टरांशी बोलून चार महिन्यांत डोस उतरवला. मधले दोन आठवडे वाईट गेले, नंतर काही नाही. अंगाला हात लावला तर गार. सात वर्षं चांगली गेली, आता गरज नाही.

सोडणं म्हणजे दरवेळी भीती किंवा हेळसांड नसते, एवढंच सांगायचं होतं.

---

अर्धविराम | ११ फेब्रुवारी, दुपारी २:३०

अगदी. सोडणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या जणींना त्रास परत येतो, निम्म्या जणींना येत नाही. आधी ओळखायची काही सोय नाही. डोस हळूहळू उतरवला तर सुरुवातीचा तडाखा कमी बसतो. लांबच्या पल्ल्यात फरक पडत नाही.

'पाच वर्षं झाली की बंद' हा बऱ्याच जणींनी ऐकलेला नियम आता तसा राहिलेला नाही. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलंय की केवळ ६५ वर्षं झाली म्हणून थांबवायची गरज नाही. दरवर्षी बसून फायदा-तोटा पाहायचा. आणि हाडं धरून ठेवण्यासाठी घेत असाल तर लक्षात ठेवा, बंद केल्यावर झीज पुन्हा सुरू होते. तेव्हा हाडांची पुढची सोय काय, हे विचारल्याशिवाय सोडू नका.

---

पाऊलखूण | ११ फेब्रुवारी, रात्री ८:४०

मी मधला मार्ग काढलाय! रात्रीच्या प्रोजेस्टेरॉनने सकाळी डोकं जड व्हायचं, चिडचिड व्हायची, अंग फुगल्यासारखं. म्हणून ती सोडली. फक्त जेल चालू ठेवलं. वर्ष होईल आता. मस्त चाललंय. सगळं सोडण्यापेक्षा हे करून बघा मुलींनो.

---

अर्धविराम | ११ फेब्रुवारी, रात्री ८:५२

पाऊलखूण, तुमचं गर्भाशय काढलेलं आहे का?

---

पाऊलखूण | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नाही. का?

---

अर्धविराम | ११ फेब्रुवारी, रात्री ९:२५

मग हे करू नका, आणि दुसऱ्या कोणाला सुचवू तर अजिबात नका. एरवी मी इतक्या स्पष्ट शब्दांत लिहीत नाही.

गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं की आतलं अस्तर वाढत राहतं, त्याला आवर घालणारं कोणी नसतं. प्रोजेस्टेरॉन तो आवर घालतं. ते झोपेसाठी किंवा मूडसाठी दिलेलं नसतं. १९७५ पर्यंत डॉक्टरांनीही नुसतं इस्ट्रोजेन सर्रास दिलं. त्या वर्षाच्या शेवटी गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरशी त्याचा संबंध छापून आला, आणि तेव्हापासून दोन औषधं जोडीने द्यायला लागले. तुम्ही आज जे करताय ते १९७५ च्या आधीचं आहे.

येत्या आठवड्यात दाखवा. सोनोग्राफी करतील, गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासतील. बहुधा काही वाईट निघणार नाही. पण बघायला हवं. आणि त्या गोळीचा त्रास होतो हे सांगा. ती बदलता येते, घेण्याची पद्धत बदलता येते, गर्भाशयात बसवायचं प्रोजेस्टोजेनचं (प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाचं) साधनही असतं. एक सोडून दुसरं चालू ठेवणाऱ्या अनेक जणी मी पाहते, आणि जवळपास सगळ्या प्रोजेस्टेरॉनच सोडतात, कारण त्रास तेच देतं आणि फायदा डोळ्यांना दिसत नाही.

---

पाऊलखूण | ११ फेब्रुवारी, रात्री ९:३१

मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. खरंच.

---

साधीसुधी | ११ फेब्रुवारी, रात्री १०:००

जा आणि कळव. आम्ही आहोत इथे.

---

निनावीच बरी | १३ फेब्रुवारी, रात्री १२:२०

या धाग्यासाठी नवीन आयडी घेतला. मुख्य आयडीने लिहिता येणार नाही.

मी ५४व्या वर्षी सगळं बंद केलं. हॉट फ्लॅशेस परत आले नाहीत, खूश होते. दीड-दोन वर्षांनी खाली कोरडेपणा, आग, बसायला त्रास. लघवीची इन्फेक्शन्स वर्षात चार. नवऱ्याजवळ जाणं बंदच झालं, आणि का ते सांगता येईना. अँटिबायोटिक्सचे कोर्स झाले, साखर तपासून झाली. गोळ्या सोडण्याशी याचा संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. विचारणाऱ्यांच्याही आलं नाही.

---

अर्धविराम | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

निनावीच बरी, बरं केलंत लिहिलंत. घाम आणि हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाम बहुतेकींचा काही वर्षांनी ओसरतो. योनीचा आणि मूत्रमार्गाचा कोरडेपणा आपोआप ओसरत नाही, वयाबरोबर वाढतो. त्यासाठी योनीत लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन असतं, क्रीम किंवा छोटी गोळी. ते रक्तात फारच कमी उतरतं, म्हणून त्याला सोबत प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. वारंवार होणारी इन्फेक्शन्सही त्याने कमी होतात.

पण या क्रीमच्या खोक्यातही वर्षानुवर्षं तोच घाबरवणारा कागद असायचा, कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशासकट. घरी नेऊन, वाचून, न उघडता ठेवून देणाऱ्या कितीतरी जणी भेटल्यात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचे हृदयविकार, स्तनांचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाचे चौकटीतले इशारे काढायची घोषणा केली. नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या-पॅचवरचा अस्तराच्या कॅन्सरचा इशारा मात्र ठेवलाय. पाऊलखूण यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

---

कोपऱ्यातली खुर्ची | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:००

माझं वय ६७. २००२ साली मी घेत होते, बातमी आली आणि त्याच आठवड्यात सोडल्या. त्या वेळी ४३ची होते, पाळी ४०व्या वर्षीच गेली होती. आता हे सगळं वाचून वाटतंय तेव्हा सोडायला नको होत्या. आता सुरू करता येतील का?

---

अर्धविराम | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४५

ताई, तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं. इतक्या लवकर पाळी गेलेल्यांना निदान पन्नाशीच्या आसपासपर्यंत हार्मोन्स द्यावेत असं आम्ही म्हणतो, कारण शरीराकडे ते त्या वयात असायलाच हवे असतात. ती बातमी तुमच्यासाठी नव्हती.

पण आता, पाळी जाऊन २७ वर्षं झाल्यावर, नव्याने सुरू करायचा सल्ला मी देणार नाही. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हिशेब सहसा बाईच्या बाजूने पडतो, नंतर पक्षाघात आणि हृदयाचा धोका जड होत जातो. तुम्ही हाडांची घनता तपासली नसेल तर ती तेवढी तपासून घ्या. हाडांसाठी वेगळी औषधं आहेत.

---

कोपऱ्यातली खुर्ची | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मनगट दोनदा मोडलंय. तपासते.

---

पाऊलखूण | ४ मार्च, संध्याकाळी ६:१५

धागा वर काढतेय. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसलं. बायोप्सी केली. तो आठवडा कसा गेला ते लिहीत नाही. रिपोर्ट : साधी वाढ, पेशी संशयास्पद नाहीत. कॅन्सर नाही. प्रोजेस्टेरॉनवर ठेवलंय, काही महिन्यांनी पुन्हा बघणार.

मी तेव्हा लिहिलं होतं 'करून बघा मुलींनो'. संपादकांना सांगून तेवढं वाक्य उडवता येईल का?

---

अर्धविराम | ४ मार्च, रात्री ८:००

राहू द्या ते वाक्य. खालची उत्तरं त्याच्यामुळेच आलीत.

---

उंबरझाड | ९ मार्च, रात्री १०:३०

मी परवा जाऊन आले.

दोन वर्षांनी गेले होते. डॉक्टरांनी स्क्रीनवर माझी माहिती उघडली आणि म्हणाल्या, "छान, हार्मोन्स चालू आहेत ना, काही त्रास?" तिथे लिहिलेलं होतं 'उपचार चालू'. दोन वर्षं मी रात्री चादरी बदलत होते आणि कागदावर माझे उपचार चालू होते. क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. मग सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ गप्प बसल्या आणि विचारलं, "कधी सोडल्यात?" मला तारीख आठवेना.

रक्तदाब आणि मॅमोग्राफी झाल्यावर ठरवायचं आहे. बहुधा पॅच, आणि रात्रीची गोळी. साधीसुधी, त्या डिंकाच्या काळ्या चौकटीवर तेल चालतं म्हणे, त्याच म्हणाल्या.